एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी

रविवार, ५ जानेवारी २०२५. वरकुटे

नवी वही काढली. जुनी संपलेली नाही, पण पंचावन्नाव्या वर्षी नोकरी लागलेल्या माणसानं एवढा थाट करायला हरकत नसावी.

मुलाखत बारामतीला झाली. घेणाऱ्या डॉ. आसावरी, पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजातल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. चण लहान आणि शिस्त कडक, म्हणून मी मनात त्यांचं नाव 'चिमणी कॅप्टन' ठेवलं. त्यांनी विचारलं, "काका, सैन्यात काय होतात?" मी उभा राहून सांगितलं, "हवालदार कुंडलिक मिसाळ, नर्सिंग असिस्टंट, सेवा चोवीस वर्षं." आवाज एवढा लागला की दाराबाहेरचा शिपाईही उठून उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "बसा काका." मला काका म्हटलेलं आवडत नाही. पण नोकरी पाहिजे असली की माणूस काकाही होतो.

काम असं: इंदापूर आणि बारामती तालुक्यात जे जवान दहा वर्षांपूर्वी किंवा त्याआधी निवृत्त झाले, त्यांची कंबर, वजन, रक्तदाब मोजायचा आणि सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते लिहायचं. सैनिक घरी आल्यावर त्याच्या अंगात सैन्य किती उरतं, असं ते संशोधन आहे. माझ्या अंगात किती उरलंय ते विचारू नये. मुलाखतीला जाताना पोटाला क्रेप बँडेज गुंडाळून गेलो होतो. परतीच्या एसटीत सोडलं तेव्हा कुठं श्वास आला.

नर्सिंग असिस्टंट म्हणजे डॉक्टर येईपर्यंतचा डॉक्टर. जवान मला 'डॉक्टर' म्हणायचे, गावातही तेच नाव चिकटलं आणि मी ते कधी खोडलं नाही.

मंदाकिनीला बातमी सांगितली. ती म्हणाली, "घड्याळाचा सेल बदलायला तुमाला म्हैना लागतुय, आन् संशोधन करनार व्हय." घड्याळ अजून सव्वाचारच दाखवतंय.

बुधवार, ८ जानेवारी

बारामतीला ट्रेनिंग. रक्तदाब पाच मिनिटांच्या अंतरानं दोनदा घ्यायचा. काटा जिथं असेल तोच आकडा लिहायचा, शेवटी सोयीचा आकडा आणायचा नाही. १६०/१००च्या वर गेला तर लाल चिठ्ठी द्यायची आणि त्या माणसानं दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा. यंत्र डायलचंच ठेवलंय. मॅडम म्हणाल्या, "काकांचे कान तयार आहेत." त्या एका वाक्यावर मी दिवसभर चाललो.

मात्र 'सोयीचा आकडा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं? नुसती पुस्तकं वाचलेली पोर. चोवीस वर्षांत मी रक्तदाबाच्या पट्ट्यानं जेवढे दंड बांधले, तेवढे हिनं दंडवतही घातले नसतील.

रविवार, १२ जानेवारी. वरकुटे, शाळा

पहिलं शिबिर. व्हरांड्यात चुन्यानं तीस मीटर आखले. निवृत्त सुभेदार गेणूतात्या इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून सगळ्यांच्या आधी हजर. मी म्हटलं, "तात्या, सहा मिनिटं आपल्या नेहमीच्या चालीनं चालायचं."

"नेहमीच्या म्हंजे? परेडच्या का घरच्या?"

"घरच्या."

"घरी मी बसतुय."

मग ते परेडच्या चालीनंच चालले. प्रत्येक टोकाला थांबून, टाच आपटून, एक-दो करत वळले. त्यात वेळ गेला आणि आकडा कमी भरला. त्यांनी दुसरी संधी मागितली. नियमात नाही म्हटल्यावर माझ्याशी बोलेनात.

रक्तदाब १५२/९६. तात्यांनी विचारलं, "पास का?" मी समजावलं, यात पास-नापास नसतं. तात्या म्हणाले, "पास-न्हापास न्हाय असं मेडिकल मी जल्मात बघितलं न्हाय." आणि असे बघत राहिले की बस. बहात्तर वर्षांचा माणूस, छाती पुढे काढून, माझ्या पेनाकडे बघतोय. माझा हात आपोआप चालला. १३८/८८.

आता आलंच आहे तर लिहून टाकतो. हा माझा जुना आकडा. १४०/९० ही लक्ष्मणरेषा. तिच्या वर गेलं की जवानाची मेडिकल कॅटेगरी घसरणार, बढती अडकणार, पोरगं घरी काय सांगणार? १४० लिहिलं तर साहेबाला शंका येते आणि १२० लिहिलं तर मला लाज वाटते. १३८/८८ म्हणजे इमानदारीनं काठावर पास. युनिटमध्ये मला मागून 'एकशे अडतीस' म्हणायचे. मी तो सन्मान समजत होतो.

खरा आकडा मात्र मी नेहमी स्वतःच्या वहीत, शेवटच्या पानांवर नावानिशी लिहीत आलोय. तिथं सोयीचं, इथं खरं. देवाकडे गेल्यावर अगदीच रिकाम्या हातानं नको. आज सहा जण झाले: १५२/९६, १३४/८०, १६४/१०२, १२८/७८, १४६/९२, १३६/८४. यातल्या तिघांना १३८/८८ दिला. लाल चिठ्ठी एकही नाही. हे आपले लोक, आणि संशोधन पुण्याचं. वरकुट्याचा जवान ढिला पडला असं तिथं वाचलं जाणार, ते मी माझ्या हातानं लिहू?

बुधवार, १५ जानेवारी. सेना दिन

बारामतीत माजी सैनिकांचा मेळावा. खाजा भेटला, नायक खाजा इनामदार, लोणी भापकरचा. आता एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. मिठी मारून चारचौघांत म्हणाला, "ह्या डॉक्टरच्या हातानं मी नायक झालो."

खरं आहे. २००३ साली बढतीच्या आधी त्याचा रक्तदाब १५६/१०० लागला होता. मी आपला नेहमीचा आकडा दिला. महिन्यानं त्याला फीत मिळाली आणि त्यानं अख्ख्या बराकीला जिलेबी खाऊ घातली. आयुष्यात माझ्यामुळे कुणाचं एवढं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. मंदाकिनीलाही आठवत नाही. तिला विचारलं.

रविवारी लोणी भापकरला शिबिर आहे म्हटल्यावर खाजा म्हणाला, "म्हैनाभरानं एजन्सीचं फिटनेस हाय. हिकडच्या एका दवाखान्यात मशीनवर लई जास्त दावलं. म्हनलं, आपले डॉक्टर येनार हायती, त्यांच्याच हातानं मोजू. दुसऱ्याच्या हातानं माझं उगंच वर जातंय." आणि हसला.

मी समजलो.

रविवार, १९ जानेवारी. लोणी भापकर

नऊ माणसं. खाजाचा नंबर शेवटी. पहिल्यांदा १८६/११२. पाच मिनिटांनी १९०/११४. नळ्यांतून ठोक्यांचा इतका मोठा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. खाजानं विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी."

त्यानं डोळे मिटले, 'अल्ला' म्हणाला आणि बाही खाली घेतली. काय अभिनय करतो. बाजूला दोन माणसं बसली होती ना, त्यांच्यासाठी. मीही चेहरा सरळ ठेवला. बावीस वर्षं झाली तरी आमची जोडी कायम आहे.

तरी जाताना कानात सांगितलं, "मीठ कमी कर. लोणचं बंद." तो म्हणाला, "नॉर्मल हाय तर लोनच्यानं काय हुतंय?" पक्का आहे.

चालण्यात ५९० मीटर, तालुक्यात पहिला. शेवटी भिंत धरून उभा राहिला, घामानं शर्ट चिकटलेला. जानेवारीत. स्वेटर घालून चालल्यामुळे असावं.

शुक्रवार, २४ जानेवारी

मॅडमचा फोन. "काका, तुमचा डेटा फार स्वच्छ आहे. इतका स्वच्छ मी आजवर पाहिला नाही."

पेढे आणले. मंदाकिनीनं विचारलं, "स्वच्छ म्हंजे? धुतल्यावर हुतंय तसं?"

बायकोला संशोधनातलं काही कळत नाही.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी डोकं जड. चार दिवस हेच चाललंय. मंदाकिनीच्या घोरण्यानं झोप होत नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "मी तुमच्याच घोरन्यानं जागी असते. गावाचं मोजताय, एकदा तुमचं मोजा की." मी म्हटलं, मला काय झालंय. दिव्याखाली अंधार असायचाच, म्हणून कोणी दिवा उलटा धरत नाही. वाक्य चांगलं जमलं म्हणून इथं लिहून ठेवतो.

रविवार, २ फेब्रुवारी

परवा मॅडम स्वतः येणार. आतापर्यंतच्या सगळ्या शिबिरांत मिळून एकसष्ट माणसं झाली, आणि दहातल्या एका माणसाला पुन्हा मोजून बघायची पद्धत असते म्हणे. चिठ्ठ्या टाकून सहा नावं काढली आणि यादी पाठवली. मी ती श्वास रोखून वाचली. गेणूतात्या आहेत. खाजा नाही. सुटलो.

यादीतल्या सहाही जणांना फोन केले: चहा नको, तंबाखू नको, अर्धा तास आडवे पडून मग या. गेणूतात्या म्हणाले, "मंग ह्यावेळी पास व्हायचं बघतो." मारुतीला नारळ फोडून आलो. संशोधनासाठी नारळ फोडणारा मी पहिलाच असेन.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नारळ वाया गेला.

आडवे पडूनही तात्या १५४/९८ निघाले. सहापैकी चौघं माझ्या आकड्याच्या बरेच वर. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सवय आहे, सावधान उभं राहून भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि कागद पुढे केला. "काका, एकसष्ट माणसं. त्यांतल्या चौतीस जणांना १३८/८८."

मी म्हटलं, "मॅडम, सैनिक सगळे एकाच साच्यातले."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हे आकडे टाकून देईन. माझं एक वर्ष जाईल, जाऊ दे. पण या चौतिसांत लाल चिठ्ठीची माणसं कोण आहेत, ते मला कसं कळणार? सगळ्यांना पुन्हा मोजायला महिना जाईल. तेवढा वेळ प्रत्येकाकडे असेलच असं नाही. खरे आकडे तुम्ही कुठं लिहून ठेवलेत का?"

ही वही तेव्हा माझ्या पिशवीत होती, डब्याच्या खाली. मी म्हटलं, "नाही मॅडम."

का नाही म्हटलं? जवानांची अब्रू वाचावी म्हणून, असं लिहिणार होतो. पण हे पान खरं लिहायचं आहे. नाही म्हटलं, कारण वहीत त्यांचं नाव चिमणी कॅप्टन आहे आणि पहिल्याच पानावर माझ्या पोटाचं बँडेज आहे. शिवाय चोवीस वर्षं मी ज्याला उपकार म्हणत आलो, त्याला त्यांनी दुसरा शब्द वापरला असता.

मंदाकिनीनं ताट वाढताना विचारलं, "काय झालं?" काही नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुमची वही मी वाचत न्हाय. पन ती लिवताना तुमी तोंड कसं करता, ते बघती. येवढ्यात लई वाकडं हुतंय."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी नऊला शमशादभाभीचा, म्हणजे खाजाच्या बायकोचा फोन. "भाऊ, ह्यांना डाव्या डोळ्यानं अंधूक दिसायलंय. डोकं धरून बसल्यात."

मी विचारलं, "गोळ्या चालू आहेत का कसल्या?"

"बारामतीच्या डॉक्टरनं लिवून दिल्या व्हत्या की बीपीच्या. पर तुमी मोजल्यापासनं बंद केल्या. हे म्हनले, आपल्या डॉक्टरनं दोनदा मोजलं, नॉर्मल हाय, कशाला फुकट गोळ्या खायच्या."

मी वही काढून १९ जानेवारीचं पान उघडलं.

तो अभिनय नव्हता. डोळे मिटून 'अल्ला' म्हणाला ते खरंच म्हणाला होता. त्याचं माझं काही गुपित नव्हतंच. मी एकटाच बावीस वर्षं डोळा मारत होतो.

मी म्हटलं, "भाभी, आत्ताच्या आत्ता गाडी करा, बारामतीला न्या." त्या म्हणाल्या, "न्हाय म्हनत्यात. डॉक्टर येऊन मोजतील, मंग बघू म्हनत्यात." मॅडमना फोन केला, दवाखान्यात जागा बघायला सांगितलं. का, ते नंतर सांगतो म्हटलं. मग वही आणि यंत्र घेऊन मोटरसायकल काढली. लोणी भापकरपर्यंत किती गाड्यांनी हॉर्न मारले मोजले नाहीत. आकड्यांचा वीट आला होता.

खाजा खाटेवर बसला होता. मला बघून त्याला बरं वाटलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. स्वतःच बाही वर केली. २१२/१२४.

"किती?"

मी नळ्या कानांतून काढल्या. "दोनशे बारा, एकशे चोवीस."

"मशीन बिघडलंय तुमचं," खाजा म्हणाला. "परवा एकशे अडतीस व्हतं."

"नव्हतं, खाजा."

तो हसला. मी बोलून त्याला पटणार नव्हतं. माझ्याच हातावरचा त्याचा विश्वास माझ्या आड येत होता. शेवटी वही काढली, १९ जानेवारीचं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. डावा डोळा मिटून, ओळीवर बोट ठेवून त्यानं सगळं वाचलं. 'काय अभिनय करतो' तेही वाचलं. मागची पानं उलटली. भाभी दारात उभ्या होत्या. कोंबड्या घरात आल्या तरी त्यांनी हाकलल्या नाहीत.

मेळाव्याच्या पानावर त्याचं बोट थांबलं. "'मी समजलो' म्हंजे काय समजला?"

मी वहीकडे हात केला, त्यानं ती दिली नाही.

"आन् दोन हजार तीनला बी?"

"त्या पानावर आहे. एकशे छप्पन्न, शंभर."

खाजानं वही मिटली. तो मला कायम 'तुमी' म्हणत आला. मी हवालदार, तो नायक. आज म्हणाला, "बावीस वर्सं मी समद्यांना सांगत आलो, माझं बीपी एकशे अडतीस. एकदा तरी सांगायचंस, कुंडलिक. फीत न्हाय दिली असती तर मी मेलो नसतो."

मग स्वतःच उठला. भाभींनी चप्पल पुढे केली. शेजाऱ्याच्या जीपमध्ये तो पुढे बसला आणि मी मागे. बारामतीपर्यंत त्याच्या मानेकडे बघत होतो. माझ्यामुळे भलं झालेला तो एकच माणूस होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी. बारामती, दवाखाना

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. डोळ्याच्या आतल्या शिरा आणि मूत्रपिंड दोन्हींना धक्का आहे. दृष्टी बरीचशी परत येईल. आणखी आठवडा गेला असता तर हे बोलणं झालं नसतं. गोळ्या आता कायमच्या. गेटवरची ड्युटी सध्या बंद, पुढचं एजन्सी ठरवेल. एजन्सीच्या साहेबांना भेटायला मी जाणार आहे. तिथं उभं राहून भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघणार नाही.

काल वही मॅडमना दिली. फक्त आकड्यांची पानं झेरॉक्स करू, असं त्या म्हणत होत्या. मी म्हटलं, सगळी वाचा, तुकड्यांनी दिलं तर मी पुन्हा सोयीचं निवडेन. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. मी समोर उभा. बँडेजच्या ओळीला त्यांचा ओठ जरा हलला.

"चिमणी कॅप्टन म्हणजे मी का?"

"येस मॅडम."

"दंडवताचं वाक्य लागलं मला," त्या म्हणाल्या. मी माफी मागितली. मग त्यांनी झेरॉक्स करून वही मला परत दिली, चौतीस नावांपुढे खरे आकडे स्वतः भरले आणि अकरा लाल चिठ्ठ्या लिहिल्या. एक खाजाची. उरलेल्या दहा माझ्या हातात दिल्या. मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, ते बरोबरच आहे. पण चिठ्ठ्या मीच द्यायच्या, घरोघर जाऊन, आणि का देतोय तेही तोंडानं सांगायचं. कोर्टमार्शल सोपं असतं.

गेणूतात्यांचा आकडा लाल चिठ्ठीपर्यंत जात नाही, तरी कालच फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी न्हापास झालो व्हतो." मी म्हटलं, नाही तात्या, मी.

खाजा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भाभींच्या हातून चहा पाठवायचा, तेवढंच. आज दुपारी मंदाकिनी भाकरी घेऊन आली. भाजीत मीठ नव्हतं. मी तोंड वेडंवाकडं केलं आणि कपाळ चोळलं. खाजा उजव्या डोळ्यानं बघत होता. मंदाकिनीला म्हणाला, "वैनी, ह्यांचं डोकं कवापासनं दुखतंय?"

"दोन-तीन आठवडं झालं. माझ्या घोरन्यानं दुखतंय म्हनं."

खाजा मला म्हणाला, "बस हितं. यंत्र काढ."

मी म्हटलं, नर्सबाईंना बोलावू. तो म्हणाला, "न्हाय. तुझ्याच हातानं." पट्टा त्यानं माझ्या दंडाला बांधला, उलटा. मी सरळ केला. नळ्या मी कानात घातल्या, फुगा त्याच्या हातात. सलाइनची सुई टोचलेल्या हातानं तो हळूहळू दाबत गेला. मग हवा सोडली. आवाज सुरू झाला, मी काट्याकडे बघत राहिलो, आवाज थांबला. ऐकू फक्त मला येत होतं. खोलीतल्या दुसऱ्या कुणालाच आकडा माहीत नव्हता.

"किती?" खाजानं विचारलं.

जिभेवर तोच आला. एकशे अडतीस. एवढ्या सगळ्यानंतरही तोच आला, आणि काठावर पास होण्याचा मोह मला झाला, हे लिहिलंच पाहिजे.

"एकशे बहात्तर," मी म्हटलं. "एकशे चार."

मंदाकिनी भाकरीचं फडकं घडी करत होती, ती थांबली. खाजानं उशाकडची वही उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"लिव," तो म्हणाला.

१७२/१०४.